आफ्रोफ्युचरिझमची पहिली फळी: 'ब्लेक' (१८५९) ते सॅटर्न रेकॉर्ड्स

खिळेजुळारी (धागाकर्ता)

आफ्रोफ्युचरिझमचा, म्हणजे काळ्या लोकांनी स्वतःचं भविष्य कल्पून मांडलेल्या कलेचा आणि साहित्याचा, विषय निघाला की बोलणं जॅझ संगीतकार सन रा यांच्या चमचमत्या झग्यापासून नाहीतर हल्लीच्या सुपरहिरो चित्रपटांपासून सुरू होतं. या धाग्यात त्याच्या पुष्कळ मागून सुरुवात करू. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांनी गुलामगिरी चालू असतानाच उद्याचं जग कागदावर मांडायला घेतलं होतं. बंड कसं उभारायचं, पैसा कुठून आणायचा, निरोप कसा पोचवायचा, असा तो रोखठोक आराखडा होता.

प्रत्येक कृतीला दोन प्रश्न विचारू या. आतल्या योजनेचे भाग कोणते आणि ती कुठे फसते? आणि हे छापलं कोणी, छापखाना कोणाच्या ताब्यात होता? दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण या साहित्यात कथा कुठे तुटली हे पुष्कळदा छापखान्यानं ठरवलं आहे.

पहिली कृती मार्टिन डिलेनी यांची 'ब्लेक'. डिलेनी १८१२ साली व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउनमध्ये जन्मले. १८५० मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत त्यांना प्रवेश मिळाला, पण गोऱ्या विद्यार्थ्यांनी हरकत घेतल्यावर काढून टाकलं. १८५८ च्या मे महिन्यात कॅनडातल्या चॅटहॅम इथे गुलामगिरीविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या जॉन ब्राउनने बंडाच्या तयारीची परिषद भरवली, तिथे ते हजर होते. पुढच्याच वर्षी कादंबरी छापायला लागली, यात मला योगायोग दिसत नाही.

कथा अशी: हेन्री ब्लेक मिसिसिपीतल्या मळ्यावर गुलाम आहे. त्याच्या बायकोला मालक विकून टाकतो, ती क्यूबात जाते. हेन्री पळतो, पण थेट उत्तरेला जात नाही. दक्षिणेतल्या राज्याराज्यांतून, मळ्यामळ्यांतून फिरतो. प्रत्येक मळ्यावर एखादा भरवशाचा माणूस निवडायचा, योजना त्याच्या कानात घालायची आणि पुढे निघायचं. आपण वाचक शेवटपर्यंत ती योजना काय हे ऐकत नाही. डिलेनी फक्त कुजबुज दाखवतात, मजकूर दाखवत नाहीत. पहिल्या वाचनात हा दोष वाटतो. पण छापलेला अंक मळेवाल्याच्याही हातात पडू शकत होता, हे लक्षात घेतलं की गुपित राखण्याचा अर्थ उमगतो.

जे उघड सांगायला हरकत नाही ते मात्र अगदी बारकाईनं सांगितलं आहे. सप्तर्षींवरून ध्रुव कसा ओळखायचा. आभाळ भरलेलं असेल तर झाडाच्या खोडावर शेवाळ कुठल्या बाजूला आहे ते चाचपायचं. होकायंत्र कसं वाचायचं. आणि पैसा: वाटेतला नावाडी, फाटकवाला, पहारेकरी पैशापुढे वाकतात, तेव्हा मालकाकडून मिळेल तो पैसा जवळ करा, तो तुमच्याच घामाचा आहे. योजना पहिल्यांदा उघडी पडते न्यू ऑर्लिन्समध्ये, मार्दी ग्राच्या उत्सवात. गुप्त बैठकीतला एक दारू प्यायलेला माणूस 'आजच रात्री' म्हणून हट्ट धरतो, आरडाओरडा होतो आणि शहर सावध होतं. तयारीआधीची घाई हाच डिलेनींना सर्वांत मोठा धोका वाटतो.

आता छापखाना. न्यूयॉर्कच्या थॉमस हॅमिल्टन यांचं 'अँग्लो-आफ्रिकन मॅगझिन' हे काळ्यांनी चालवलेलं मासिक. १८५९ च्या जानेवारी अंकात आधी मधलीच काही प्रकरणं आली, मग पहिल्यापासून सुरुवात होऊन जुलैपर्यंत क्रम चालला आणि थांबला. पुढे 'वीकली अँग्लो-आफ्रिकन'मध्ये नोव्हेंबर १८६१ ते मे १८६२ पुन्हा सगळी कादंबरी आली. पण शेवटची प्रकरणं ज्या अंकांत होती ते अंक आजवर हाती आलेले नाहीत. क्यूबातलं बंड पेटण्याच्या उंबरठ्यावर आपली प्रत संपते.

जाता जाता: त्याच मासिकात १८५९ च्या सुरुवातीला डिलेनींनी ग्रहांचं आकर्षण आणि धूमकेतू यांवर लेखही लिहिले. बंडाची कादंबरी आणि खगोलशास्त्र एकाच माणसाच्या हातून, एकाच मासिकात. आफ्रोफ्युचरिझमची सुरुवात शोधायची असेल तर मी या अंकांवर बोट ठेवीन.

प्रत घेताना: १९७० ची फ्लॉइड मिलर यांची आवृत्ती पुस्तकरूपातली पहिली. २०१७ ची जेरोम मॅकगॅन यांची आवृत्ती मूळ अंकांशी ताडून दुरुस्त केलेली आहे. अभ्यासाला दुसरी घ्या.

---

दक्षिणद्वार

उत्तम सुरुवात. याच वाटेवरचं पुढचं ठाणं म्हणजे सटन ग्रिग्ज यांची 'इम्पेरियम इन इम्पेरिओ' (१८९९). राज्याच्या पोटात राज्य.

टेक्सासमधल्या वेको गावाजवळ एका कॉलेजच्या आडोशाला काळ्यांचं गुप्त सरकार चालतं. त्याला संविधान आहे, काँग्रेस आहे, न्यायालय आहे, सैन्य आहे, खजिना आहे. संस्थेचं मूळ ग्रिग्ज थेट जेफर्सनच्या काळातल्या एका काळ्या शास्त्रज्ञापर्यंत नेतात.

बेल्टन पिडमॉन्ट आणि बर्नार्ड बेलग्रेव्ह हे दोन नायक. एकत्र शिकलेले, स्वभावानं उलट. शेवटच्या अधिवेशनात दोघांचे दोन ठराव समोर येतात. बेल्टन म्हणतो: चार वर्षं गोऱ्यांपुढे आपलं म्हणणं उघडपणे मांडू, नाही ऐकलं तर सगळे टेक्सासमध्ये जाऊन वसू आणि मताच्या बळावर ते राज्य हाती घेऊ. बर्नार्डची योजना युद्धाची: नौदलात आपली माणसं पेरायची, अमेरिकेच्या शत्रूंशी संधान बांधायचं, टेक्सास आपल्याकडे ठेवायचं आणि लुइझियाना मदत करणाऱ्या परक्या सत्तेला द्यायचं.

बर्नार्डची बाजू जिंकते. बेल्टन राजीनामा देतो, आणि राजीनाम्याची शिक्षा मृत्यू. त्याच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांपैकी एक, बर्ल ट्राउट, पुढे सगळं गुपित फोडतो. आपण वाचतो ती कादंबरी म्हणजे त्या फितुराची जबानी. ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. संस्था फुटते ती बाहेरच्या पोलिसांमुळे नव्हे. ज्या नियमानं ती इतकी वर्षं टिकली, तोच नियम आपल्यातल्या सर्वांत चांगल्या माणसाला मारतो, आणि मारणाऱ्याचं मन तुटतं.

भाषा ठिकठिकाणी प्रवचनासारखी आहे (ग्रिग्ज बाप्टिस्ट पाद्री होते), योगायोगही खंडीभर आहेत. पण कॉलेजातल्या संपाचं प्रकरण सोडू नका. काळ्या शिक्षकाला गोऱ्या शिक्षकांच्या पंगतीला बसू देत नाहीत म्हणून विद्यार्थी गुपचूप संघटना बांधतात, एकाच क्षणी सगळ्यांच्या हातात 'समता किंवा मृत्यू' असा फलक येतो, आणि संस्था नमते. पुढच्या गुप्त राज्याची ही छोटी तालीम आहे.

---

खिळेजुळारी

आणि छापखान्याचा प्रश्न इथेही लागू पडतो. ग्रिग्ज यांनी ही कादंबरी पदरच्या पैशानं काढली आणि स्वतः घरोघर फिरून विकली. १९०१ मध्ये नॅशव्हिलला ओरायन नावाची स्वतःची प्रकाशन संस्था काढली. १८९९ ते १९०८ या काळात पाच कादंबऱ्या आल्या. गुप्त सरकारच्या खजिन्याबद्दल लिहिणारा माणूस प्रत्यक्षात एकेक प्रत विकून छपाईचा खर्च भरून काढत होता.

---

रानवाट

एक शंका. आफ्रोफ्युचरिझम हा शब्द १९९० च्या दशकातला. मग १८५९ च्या कादंबरीवर तो लावणं म्हणजे मागाहून शिक्का मारणं नाही का?

---

मेरोए

शंका रास्त आहे. शब्द अमेरिकी समीक्षक मार्क डेरी यांचा, १९९३ च्या 'ब्लॅक टू द फ्युचर' या लेखातला. त्यात विज्ञानकथाकार सॅम्युअल डिलेनी ('ब्लेक'चे मार्टिन डिलेनी वेगळे), ग्रेग टेट आणि ट्रिशिया रोझ यांच्या मुलाखती आहेत. डेरींची व्याख्या विसाव्या शतकातल्या यंत्रसंस्कृतीला धरून आहे. त्या काटेकोर अर्थानं 'ब्लेक' बसत नाही. पण १९९८ मध्ये अलोंड्रा नेल्सन यांनी याच नावाची ईमेल चर्चा सुरू केली, २००० मध्ये शेरी थॉमस यांनी 'डार्क मॅटर' हा संग्रह काढून त्यात १९२० सालची कथा घेतली, आणि तिथपासून परंपरा मागे मागे शोधली जाऊ लागली. शब्द नवा, वंशावळ जुनी. आपल्याकडे 'विज्ञानकथा' हा शब्द रुळण्याआधीच्या कथा आपण विज्ञानकथा म्हणूनच वाचतो, तसंच हे. फक्त एवढं पथ्य पाळायचं: त्या लेखकांच्या तोंडी हा शब्द घालायचा नाही.

आता माझ्या नावाचं निमित्त. पॉलीन हॉपकिन्स यांची 'ऑफ वन ब्लड' नोव्हेंबर १९०२ ते नोव्हेंबर १९०३ या काळात बॉस्टनच्या 'कलर्ड अमेरिकन मॅगझिन'मध्ये क्रमशः आली. रूएल ब्रिग्ज हा वैद्यकीचा विद्यार्थी आपलं काळेपण लपवून राहतो. मोहिनीविद्येचा त्याचा अभ्यास आहे. मेलेली समजली गेलेली एक गायिका तो पुन्हा शुद्धीवर आणतो. पुढे एका इंग्रज मोहिमेबरोबर तो मेरोए या नाइलकाठच्या प्राचीन आफ्रिकी राजधानीच्या अवशेषांवर पोचतो, आणि तिथे तेलसार नावाचं लपलेलं नगर त्याची वाट पाहत असतं. तो त्यांचा राजा एर्गामेनेस ठरतो.

आजचे वाचक यात लपलेल्या प्रगत आफ्रिकी राज्याचा पहिला नमुना बघतात, ते बरोबर आहे. पण १९०२ साल विसरू नका. १८९६ मध्ये अडोवा इथे इथिओपियाने इटलीच्या सैन्याला धूळ चारली होती. 'इथिओपिया लवकरच देवाकडे हात पसरील' हे बायबलातलं ६८ व्या स्तोत्राचं वचन काळ्या चर्चमध्ये पिढ्यान् पिढ्या घोकलं जात होतं, आणि आता बातमीनंच त्याला दुजोरा दिला होता. हॉपकिन्स यांचं तेलसार या दोन्हींच्या सांध्यावर उभं आहे. शेवट मात्र सुखाचा नाही: राजा सिंहासनावर बसून परक्या सत्ता जंगलं पार करत जवळ येताना पाहतो.

अभ्यासकाला अडचणीची एक गोष्ट. कादंबरीतले कितीतरी उतारे दुसऱ्या लेखकांकडून जसेच्या तसे उचललेले आहेत, हे संशोधकांनी ताडून दाखवलं आहे. तेव्हा एखादं वाक्य 'हॉपकिन्स यांची शैली' म्हणून उद्धृत करण्याआधी तपासा. विशेषतः अवशेषांची आणि प्रवासाची वर्णनं.

मासिक १९०४ मध्ये गोऱ्यांशी जुळवून घ्यावं म्हणणारे काळे नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बाजूच्या माणसाच्या हाती गेलं आणि हॉपकिन्स यांना संपादनातून बाहेर पडावं लागलं. कादंबरी पुस्तकरूपात सहज मिळायला १९८८ उजाडलं.

---

चौथाअंक

'डार्क मॅटर'मधली १९२० ची कथा म्हणजे काळे समाजशास्त्रज्ञ आणि लेखक डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांची 'द कॉमेट', 'डार्कवॉटर' या पुस्तकातली. जिम डेव्हिस हा बँकेचा काळा शिपाई. जुनी कागदपत्रं आणायला त्याला तळघराच्या सर्वांत खालच्या खणात पाठवतात, कारण तिथे दुसरं कोणी जायला तयार नसतं. वर धूमकेतूच्या शेपटीतल्या विषारी वायूनं न्यूयॉर्क मरून पडतं आणि खाली असल्यानं जिम वाचतो. ज्या वर्णभेदानं त्याला खाली ढकललं, त्यानंच जीव वाचवला: कथेचं सगळं यंत्र या एका कळीवर चालतं. १९१० च्या मे महिन्यात हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी गेली तेव्हा सायनोजेन वायूची भीती वृत्तपत्रांतून पसरली होती, म्हणजे वाचकाला वायूची कल्पना पटवून द्यायची गरजच नव्हती.

जिम मग अशा हॉटेलात शिरून जेवतो जिथे काल त्याला कोणी वाढलं नसतं. एक गोरी तरुणी वाचलेली सापडते. काही तास दोघं फक्त माणसं असतात. मग कळतं की मेलं ते फक्त न्यूयॉर्क. बाहेरचं जग शाबूत आहे. तिचे वडील येतात, गर्दी येते, आणि झुंडीच्या तोंडची फाशीची भाषाही येते. जगबुडीनंतर वर्णभेद परत यायला एखादा तासही लागत नाही.

'द प्रिन्सेस स्टील' तुलनेनं कमी वाचली जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या शेवटी लिहिलेली, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डुबॉइस यांच्या कागदपत्रांत पडून राहिलेली आणि २०१५ मध्ये प्रथम छापलेली. तिच्यात एक काळा समाजशास्त्रज्ञ उंच इमारतीत 'मेगास्कोप' बसवतो. दुर्बीण लांबचं दाखवते, सूक्ष्मदर्शक बारीक दाखवतो; हे यंत्र समाजाचे प्रचंड, एरवी न दिसणारे व्यवहार दाखवतं. पोलादाच्या धंद्याची नाळ लुटलेल्या आफ्रिकेशी जुळलेली आहे, हे त्यातून दिसतं. आकडेवारीच्या तक्त्यांत आयुष्य घातलेल्या माणसानंच असं यंत्र कल्पावं.

आणि आपल्याला जवळची ती 'डार्क प्रिन्सेस' (१९२८). नायिका ब्वोडपूर या कल्पित हिंदी संस्थानाची राणी, नाव कौटिल्या. बर्लिनमध्ये जपानी, चिनी, इजिप्शियन, अरब, हिंदी प्रतिनिधींची गुप्त परिषद भरलेली असते. अमेरिकेतले काळे लोक जागतिक बंडात उतरण्याच्या लायकीचे आहेत का, यावर तिथे वाद होतो. म्हणजे गोऱ्यांविरुद्ध एकत्र आलेल्यांतही उतरंड आहेच, आणि डुबॉइस ती लपवत नाहीत. शेवटी राणीला आणि काळ्या नायकाला मुलगा होतो, त्याचं नाव मधू. हिंदुस्थानाविषयीचा भाग तपासायला डुबॉइस यांनी लाला लजपतराय यांच्याकडे पाठवला होता. तरीही मराठी वाचकाला नावांची सरमिसळ लगेच खटकेल; पण डुबॉइस यांची ही स्वतःची सर्वांत आवडती कादंबरी होती, आणि कल्पनेची झेप पाहता ते समजतं.

---

सावरी

याला एक खरी जोड आहे. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डुबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्या लोकांतर्फे संयुक्त राष्ट्रांपुढे होणाऱ्या अर्जाची माहिती मागितली होती. ३१ जुलै १९४६ ला डुबॉइस यांनी उत्तर दिलं. 'डार्क प्रिन्सेस'मधली परिषद कल्पित, पण अठरा वर्षांनी तसाच एक पत्रव्यवहार खरोखर झाला, आणि तोही राणी-महाराजांच्या हिंदुस्थानाशी नव्हे. कादंबरीत हिंदुस्थानाची बाजू मांडायला राजघराणं आहे, जातीनं भरडलेला माणूस परिषदेत नाही. हे मला या पुस्तकातलं सर्वांत मोठं रिकामपण वाटतं.

---

दक्षिणद्वार

मोलाचा मुद्दा. आता काळे पत्रकार आणि व्यंगलेखक जॉर्ज स्कायलर यांच्याकडे वळू, कारण योजनेचे सुटे भाग मोजायचे तर त्यांच्याइतके तपशील कोणीच देत नाही.

'ब्लॅक नो मोअर' (१९३१): डॉ. जुनियस क्रूकमन तीन दिवसांत काळ्या माणसाला गोरा करणारं यंत्र काढतो, फी ५० डॉलर. मग काय काय कोसळतं ते बघण्यासारखं आहे. केस सरळ करण्याचा धंदा बुडतो, काळ्यांच्या संस्थांची वर्गणी आटते, गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळ्यांत पूर्वीचे काळेच भरती होतात. यंत्रात एक त्रुटी ठेवली आहे: त्वचा बदलते, संतती बदलत नाही. मूल जन्मलं की सगळं उघडं.

'ब्लॅक एम्पायर' या एकत्रित नावाखाली आज मिळतात त्या दोन क्रमशः कथा 'पिट्सबर्ग कुरियर' या काळ्यांच्या वृत्तपत्रात सॅम्युअल आय. ब्रूक्स या टोपणनावानं आल्या, नोव्हेंबर १९३६ ते एप्रिल १९३८. इटलीनं ऑक्टोबर १९३५ मध्ये इथिओपियावर हल्ला केला त्याचा संताप वाचकांच्या मनात ताजा होता. डॉ. बेलसिडस हा कथानायक हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या काळ्या वस्तीत, बसून जगभरची गुप्त संघटना बांधतो. त्याचा क्रम नीट लक्षात घ्या: आधी पैसा, मग जमीन आणि शेती, मग सूर्यशक्तीवर चालणारी इंजिनं आणि मातीशिवाय रसायनांवर वाढणारी पिकं, मग विमानं, मग यांत्रिक मूर्ती बसवलेलं नवं धर्ममंदिर, आणि सर्वांत शेवटी लायबेरियात उतरून आफ्रिका मोकळी करणं. अन्न आणि ऊर्जा परस्वाधीन असेल तर सैन्य चार दिवस टिकणार नाही, हे त्यानं हेरलं आहे.

---

चौथाअंक

पण याला क्रांतिकारक म्हणायचं का? बेलसिडस विरोधकांना थंडपणे मारतो, रोगट उंदीर हवाई छत्र्यांनी युरोपात सोडतो. आणि स्कायलर यांनी स्वतः 'कुरियर'मधल्या सहकाऱ्याला पत्रात लिहिलं होतं की ही निव्वळ भाकड, पोटापाण्याची लिखाई आहे. पुढे ते कडवे उजवे झाले.

---

दक्षिणद्वार

लेखकाचा तुच्छभाव मान्य. पण वाचकांनी ती तशी वाचली नाही. लोक पुढच्या हप्त्याची वाट पाहत होते, आणि रेल्वेच्या डब्यांतले काळे पोर्टर 'कुरियर'चे गठ्ठे दक्षिणेत पोचवत होते. वाचणारा इथिओपियाच्या बातम्या आणि ही कथा एकाच अंकात वाचत होता. लेखकाच्या मनातलं आणि पानावरचं वेगळं असू शकतं. क्रूरपणाबद्दल मात्र तुम्ही म्हणता ते खरं, आणि ते झाकून या कथेची स्तुती करू नये. शत्रूची हत्यारं जशीच्या तशी उचलली तर स्वप्नाचं काय होतं, याचा हा उघडा नमुना आहे.

६२ हप्ते एकत्र छापून यायला १९९१ उजाडलं. दोन्ही कथा सलग वाचू नका. हप्ता संपतो तिथे थांबा, तरच त्यांची वीण कळते.

---

निळीशाई

चित्रकलेवर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

मेटा वॉरिक फुलर यांचं 'इथिओपिया' हे शिल्प: कमरेपर्यंत ममीसारखी गुंडाळलेली आणि वर जागी होणारी स्त्री. कितीतरी पुस्तकांत त्याचं साल १९१४ दिलेलं असतं. ते चूक. शिल्प १९२१ च्या 'अमेरिकाज मेकिंग' प्रदर्शनासाठी घडवलं. सात वर्षांचा फरक छोटा नाही, कारण मध्ये पहिलं महायुद्ध आणि मार्कस गार्वी यांची 'आफ्रिकेकडे परत' ही चळवळ येते, आणि शिल्पाचा अर्थच बदलतो.

आरन डग्लस यांची 'अ‍ॅस्पेक्ट्स ऑफ निग्रो लाइफ' ही १९३४ ची चार मोठी चित्रं हार्लेमच्या १३५ व्या रस्त्यावरच्या ग्रंथालयासाठी सरकारी कलायोजनेखाली काढलेली. पद्धत पाहा: सपाट काळ्या छायाकृती, इजिप्शियन भित्तिचित्रासारखे बाजूनं दिसणारे देह, डोळ्याच्या जागी पश्चिम आफ्रिकेतल्या डान लोकांच्या मुखवट्यासारखी बारीक चीर, आणि सगळ्यावर एकाच केंद्रातून पसरणारी वर्तुळं. ही वर्तुळं सजावट नाहीत. आवाज, प्रकाश किंवा हाक जिथून निघते तिथे केंद्र ठेवलं आहे आणि वर्तुळ जिथे दुसऱ्या आकाराला छेदतं तिथे रंगाची एक पायरी बदलते. 'साँग ऑफ द टॉवर्स'मध्ये माणूस दातेरी चाकावर उभा, हातात सॅक्सोफोन, मागे गगनचुंबी इमारती. यंत्रानं माणूस चिरडलाही जातो आणि उंचावलाही जातो, दोन्ही एकाच चाकावर. छापील प्रतिकृतीत रंगाच्या पायऱ्या बहुधा एकमेकींत मिसळून जातात, म्हणून चांगल्या स्कॅनवरच ही चित्रं अभ्यासावीत.

तिसरा आफ्रीकोब्रा हा काळ्या कलाकारांचा गट, शिकागो, १९६८: जेफ डोनाल्डसन, वॉड्सवर्थ आणि जे जॅरेल, बार्बरा जोन्स-होगू, जेराल्ड विल्यम्स. हे गट म्हणून नियम ठरवून काम करत. शरबताच्या पुडीसारखे झगझगीत रंग, अक्षरं चित्रातच विणलेली, आणि चकाकी. मूळ चित्र एकाच भिंतीवर जातं, म्हणून त्यांनी स्क्रीन प्रिंटिंगची पोस्टरं काढली, म्हणजे कोणालाही परवडतील. हे काम सोपं नसतं. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. आधीची शाई पूर्ण वाळल्याशिवाय पुढची ओढली तर रंग गढूळ होतो. आणि कागद पाव मिलिमीटर सरकला तरी अक्षराच्या कडेला पांढरी रेघ दिसते. अक्षरांनीच चेहरा घडवायचा असेल तर ही चूक चेहऱ्यावर येते. जोन्स-होगू मुद्रणात तरबेज होत्या, त्यांच्या हाताशिवाय गटाची पोस्टरं या दर्जाची झाली नसती असं माझं मत आहे.

जे जॅरेल यांचा 'रेव्होल्युशनरी सूट' (१९६९) म्हणजे काडतुसांचा पट्टा शिवलेला स्त्रीचा कोट-स्कर्ट. उद्याच्या माणसाचा पोशाख अंतराळवीराचाच असायला हवा असं नाही.

---

खिळेजुळारी

निळीशाई, फार सुंदर. त्याच शहरात कवी हाकी मधुबुटी यांनी १९६७ मध्ये ४०० डॉलर आणि एक चक्रमुद्रण यंत्र यांवर थर्ड वर्ल्ड प्रेस उभी केली. डेट्रॉइटला डडली रँडल यांची ब्रॉडसाइड प्रेस १९६५ पासून चालू होती. छापखाना पुन्हा आपल्या हाती आला होता.

आता सन रा. जन्म १९१४, बर्मिंगहॅम, अलाबामा. १९५२ मध्ये कायद्यानं नाव बदलून ल सोनीर रा केलं. शिकागोत ऑल्टन अब्राहम यांच्या साथीनं सॅटर्न ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. काळ्या संगीतकारानं ध्वनिमुद्रण, छपाई, वेष्टन, विक्री सगळं हातात घेणं त्या काळी विरळाच. एका वेळी थोड्याच तबकड्या निघत, वेष्टनं पुष्कळदा हातानं रंगवलेली, विक्री मैफलीच्या दारात.

यातून अभ्यासकाला जाच होतो तो असा: ध्वनिमुद्रणाचं साल आणि प्रकाशनाचं साल यांत मोठी दरी असते. 'व्हेन एंजल्स स्पीक ऑफ लव्ह' १९६३ मध्ये मुद्रित, १९६६ मध्ये बाहेर. प्रकाशनाच्या सालावरून त्यांच्या संगीताचा विकास मांडाल तर तो उलटासुलटा दिसेल. वेष्टनावर विसंबू नका, शेवटच्या खाचेजवळ कोरलेला क्रमांक बघा आणि तो सूचीशी ताडा.

'कॉस्मिक टोन्स फॉर मेंटल थेरपी'मधला तो गुहेसारखा घुमारा ऐकलाय? तो महागड्या स्टुडिओतला नाही. ढोलकवादक टॉमी हंटर यांना टेपयंत्राच्या आउटपुटची वायर परत त्याच यंत्राच्या इनपुटला जोडल्यावर तो सापडला. मुद्रण करणारं हेड आणि वाजवणारं हेड यांत थोडं अंतर असतं, तेवढ्या उशिरानं आवाज परत आत येतो, पुन्हा मुद्रित होतो, आणि थरावर थर चढतात. पातळी जराशी जास्त ठेवली तर शिट्टी सुटून सगळं वाया. कमी ठेवली तर नुसता प्रतिध्वनी. अंतराळाचा आवाज असा एका वायरवर मिळाला.

---

मेरोए

यात कवी-नाटककार अमिरी बराका यांना जोडायला हवं. काळ्यांचे नेते माल्कम एक्स यांची हत्या २१ फेब्रुवारी १९६५ ला झाली. त्यानंतर बराका हार्लेमला गेले आणि १३० व्या रस्त्यावरच्या एका घरात ब्लॅक आर्ट्स रेपर्टरी थिएटर उघडलं. सन रा यांचा ताफा तिथे वाजवत असे. उन्हाळ्यात रस्त्यांवर नाटक, संगीत, कविता. पण पैसा सरकारच्या गरिबी-निर्मूलन निधीतून येत होता. तो बंद झाल्यावर संस्था वर्षभरही धड चालली नाही. बेलसिडसचा क्रम आठवा: ऊर्जा परस्वाधीन असेल तर सैन्य टिकत नाही.

पुढे नेवार्कला गेल्यावर मात्र त्यांनी जिहाद नावाचं स्वतःचं लेबल काढलं आणि त्यावर 'अ ब्लॅक मास' १९६८ मध्ये मुद्रित झालं, संगीत सन रा यांचं. नाटकात जाकूब हा काळा जादूगार-शास्त्रज्ञ केवळ निर्माण करण्याच्या हव्यासापायी एक पांढरा, निर्दय जीव घडवतो. मूळ कथा नेशन ऑफ इस्लाम या अमेरिकेतल्या काळ्या मुस्लिमांच्या संघटनेतल्या याकूबची. एका वंशालाच राक्षस ठरवणारी ही मांडणी मला पटत नाही. पण ज्ञानानं हृदय सोडलं तर काय, हा प्रश्न काळ्या शास्त्रज्ञालाच विचारला आहे, म्हणून नाटक महत्त्वाचं. संहिता हातात धरून ऐका. नुसतं वाचलं तर संगीतानं व्यापलेल्या जागा कळत नाहीत.

---

सावरी

कथाकार-कवी हेन्री ड्युमास यांचं नाव राहू नये. जन्म १९३४, स्वीट होम, आर्कान्सॉ. १९६६ मध्ये त्यांनी सन रा यांची मुलाखत घेतली, ती 'द आर्क अँड द आंख' (आंख म्हणजे प्राचीन इजिप्तचं जीवनचिन्ह) म्हणून ओळखली जाते. २३ मे १९६८ ला न्यूयॉर्कच्या भुयारी स्टेशनात एका पोलिसानं त्यांना गोळी घातली. वय ३३. बहुतेक लेखन मृत्यूनंतर यूजीन रेडमंड यांनी संपादून छापलं आणि टोनी मॉरिसन यांनी रँडम हाउसमध्ये असताना पुढे आणलं. 'आर्क ऑफ बोन्स'मध्ये मिसिसिपी नदीत एक नौका येते, तिच्या पोटात काळ्या पूर्वजांची हाडं रचलेली असतात आणि नदीतून अजून हाडं वर ओढणं चालूच असतं. भविष्याकडे जाणारं हे जहाज मागचं एकही हाड टाकून पुढे निघत नाही. सन रा यांची रॉकेट आणि ही नौका शेजारी ठेवून वाचा.

---

रानवाट

सुरुवात करायला क्रम सांगाल का? वेळ थोडा आहे.

---

खिळेजुळारी

'द कॉमेट' एका बैठकीत होते, तिथून सुरू करा. मग 'आर्क ऑफ बोन्स'. मग 'इम्पेरियम'. 'ब्लेक' चौथं घ्या, कारण त्याची तुटलेली अखेर पचायला आधीची तयारी लागते. 'ब्लॅक एम्पायर' रोज एक हप्ता. सन रा यांचा 'स्पेस इज द प्लेस' हा १९७४ चा चित्रपट पाहणार असाल तर लांबी तपासून घ्या: जुन्या व्हिडिओ प्रतीत सुमारे २० मिनिटं कमी आहेत, पूर्ण प्रत नंतर आली. सन रा यांना काही दृश्यं नको होती म्हणून ती कापली होती, तेव्हा छोटी प्रत 'अपुरी' म्हणून बाजूला टाकू नका. आधी छोटी, मग पूर्ण.